ताफेसे नावाची हाक

अदिस अबाबा
हामले ३, २०१३

अबाये,

वर तारीख आपलीच घातली आहे. स्पर्धांचा सगळा कारभार परक्या तारखांनी चालतो. त्यांचं दोन हजार एकवीस चालू आहे, आपलं दोन हजार तेरा. त्यामुळे माझ्या डायरीत प्रत्येक दिवसाला दोन तारखा असतात. बापाला लिहिताना तरी एकच पुरे.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र बसवाल्या गोसायेच्या हाती देते आहे. तो म्हणाला, "तुझ्या बापाला पत्र द्यायचं म्हणजे आधी दोन कप कॉफी आणि एक व्याख्यान गिळावं लागतं." तरी घेतलं बिचाऱ्यानं.

रेडिओवरच्या त्या बोलण्याचं एवढं मनावर घेऊ नका. मुलाखतवाल्यानं विचारलं, लस घेतली का? मोठमोठे खेळाडू अशा प्रश्नांना कशी ऐटीत उत्तरं देतात ते मी हॉटेलातल्या टीव्हीवर पाहिलेलं. मलाही ऐट करावीशी वाटली. म्हणाले, "माझ्या वडिलांनी जन्मभर लोकांना टोचलंय. घरात एक टोचणारा आहे तेवढं पुरे, मी काही कोंबडी नाही." तो हसला, मीही हसले. आपल्या खोऱ्यात तो कार्यक्रम घरोघरी लागतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तुम्ही आठ तास बसमध्ये बसून टेनिस क्लबच्या फाटकाशी आलात, ते मला आधी कळलंच नाही. हाक मारली होतीत म्हणे. मी सर्व्हिसचा सराव करत होते, ऐकू आली नाही. ऐकू आली असती तर 'अबेत' म्हटलं असतं. हाक आली की हातातलं भांडं पडलं तरी चालेल पण ओ आधी द्यायची, हे तुम्हीच शिकवलंय. मग तुम्ही आत आलात, गाबीची जाड चादर खांद्यावरून घसरत होती, आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "तुझं ऐकून खोऱ्यातनं लसीचा डबा भरलेला परत गेला. ताफेसेची पोरच घेत नाही तर आपण का घ्यायची, असं म्हणाले लोक. तुला काय बोलायचं ते बोल. माझं नाव सोड." पाणीसुद्धा न पिता गेलात.

नाव कसं सोडू, तेवढं सांगा. आपल्यात बापाचं नाव हेच पोराचं दुसरं नाव. पासपोर्टावर मी येशिमेबेत ताफेसे. कोर्टावर पंच उंच खुर्चीत बसतो आणि दुसरंच नाव घेतो. मी गेम जिंकले की म्हणतो, "गेम, ताफेसे." गेल्या वर्षी सात देशांत तुमच्या नावाचा पुकारा झाला. तुम्ही स्वतः बालेच्या डोंगरापलीकडे अदिसपर्यंतच आलेला आहात, पण तुमचं नाव मोरोक्कोत तीनदा जिंकलंय.

तिर महिन्यात मेलबर्नची पात्रता फेरी आहे. माझे कोच गाशे देरेसे म्हणतात, आपल्याकडची बाई तिथवर गेल्याचं त्यांनी तरी ऐकलेलं नाही. मी दोनशे एकतिसाव्या क्रमांकावर आहे, म्हणजे जाणार. लशीशिवायही सोडतील. नियम काय, रोज बदलतात.

तुमची
येशी


अदिस अबाबा
मेस्केरेम २२, २०१४

अबाये,

नवं वर्ष लागलं, मेस्केलची होळी पेटली, विझली. तुमचं उत्तर नाही.

माझी बातमी अशी की बातमी नाही. तीन महिने खेळले ते फक्त भिंतीशी. एका स्पर्धेला विमानात चढूच दिलं नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, लस नसेल तर चौदा दिवस खोलीत बसा. स्पर्धा होती नऊ दिवसांची. तिसऱ्या ठिकाणी त्यांनी नाही म्हणण्याआधीच मी नाव मागं घेतलं, म्हणजे निदान मीच नको म्हटल्यासारखं दिसेल. दोनशे एकतीसचे आता दोनशे चव्वेचाळीस झाले आहेत. अजून चारपाच जणी पुढे गेल्या की मेलबर्नचं दार बंद.

गाशे देरेसेंनी काल रॅकेट माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाले, "तुला तुझा बॅकहँड अडवत नाहीये बाई, तुझा दंड अडवतोय. आणि तो न टोचल्याचा दंड तू एकटी नाही, मी पण भरतोय."

मी म्हटलं, "मी सांगून बसलेय ना सगळ्या देशाला."

"देशानं तू काय सांगितलंस ते कधीच विसरून टाकलं. तुझ्या बापाला तेवढं आठवतंय."

गोसायेनं तुमची खबर दिली. रोज सकाळी काठी घेऊन निघता म्हणे, आणि दारोदार जाता. ज्या घरांनी लस नको म्हटलं त्या प्रत्येक घरी. "तुझ्या बापाच्या बुटाला दोनदा तळ लावून झाला," असं म्हणाला. मला वाटलं होतं तुम्ही रागावून घरात बसला असाल. तुम्ही रागावून चालत सुटलात! सत्तरी उलटली अबाये. खोऱ्यातला चढ काही तुमच्यासाठी कमी होणार नाही.

लशीचं मी काहीच ठरवलेलं नाही. एवढंच सांगायला लिहिलं.

येशी


अदिस अबाबा
हिदार ६, २०१४

अबाये,

लस घेतली. एकाच टोच्याची होती. दंड दोन दिवस दुखला, एक दिवस ताप आला, गेला.

कुठं घेतली ते महत्त्वाचं नाही. अदिसमध्ये गर्दी होती म्हणून जरा बाहेर जाऊन घेतली.

मेलबर्नच्या यादीत नाव लागलं आहे, शेवटून तिसरं. पण लागलं.

सोबत बूट पाठवते आहे, पुरुषांचे, बेचाळीस नंबर, मला खेळाचं सामान देणाऱ्यांनी चुकून पाठवले होते. पांढरे आहेत म्हणून नाक मुरडू नका. तळ चांगला आहे.

येशी


मेलबर्न
ताहसास २७, २०१४

अबाये,

हे पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो दवाखान्यातल्या सिस्टर झेनबेचना पाठवते आहे. त्या तुम्हाला आणून वाचून दाखवतील. म्हणजे यात शिव्या घालता येणार नाहीत, आणि नेमक्या आजच मला पुष्कळ सुचताहेत. सगळ्या स्वतःला.

मी मेलबर्नला पोचले आहे आणि पोचलेली नाही. विमानतळाजवळच्या एका हॉटेलात ठेवलं आहे, खिडकी उघडत नाही. काचेतून लांबवर दिव्यांचे उंच खांब दिसतात. जेवण आणणारी म्हणाली, ती टेनिसची कोर्टं. काल अर्धा दिवस मी त्या खांबांकडे बघत होते. एवढे मोठे दिवे मी कधी पाहिले नव्हते.

झालं ते असं. काचेपलीकडच्या बाईनं माझं लशीचं कार्ड उघडलं. चांगली होती हो बाई, उगाच नाव ठेवणार नाही.

"लस कधी घेतली?"

"दोन महिने झाले."

"इथे वीस फेब्रुवारी दोन हजार चौदा लिहिलंय."

मी वाकून बघितलं. २०/०२/२०१४. टिकिम्त महिन्याची वीस तारीख, चालू वर्ष. मला त्यात काहीच वावगं दिसेना. म्हटलं, "हो, बरोबर आहे."

"दोन हजार चौदात हा रोगच नव्हता."

"नव्हता ना."

"मग लस कुठून आली?"

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी हसायलाच लागले. म्हटलं, आमचं वर्ष तुमच्या सात-आठ वर्षं मागं असतं, आमच्या दुसऱ्या महिन्याला तुमचा दहावा संपत असतो, आणि आम्हाला महिने तेरा. "तेरा?" असं म्हणून तिनं ते लिहून घेतलं आणि आत गेली. परत आली तेव्हा वेड्या माणसाशी बोलताना आपण जसे गोड होतो तशी गोड झाली होती. मग माझं हसू गेलं.

अदिसच्या विमानतळावर तीन माणसांनी ते कार्ड पाहिलं आणि तिघांनी मान हलवली. त्यांना तरी कसं दिसणार? त्यांच्या घरच्या भिंतीवर तेच कॅलेंडर. माझ्या डायरीत रोजच्या दोन तारखा, आणि नेमकी ही एक मी कधी उलटवून पाहिली नाही.

आता त्यांना हवंय ते हे: ज्या वहीत माझी लस नोंदली आहे त्या पानाचा फोटो, आणि आरोग्य कचेरीचं पत्र, दोन्ही तारखा लिहिलेलं, शिक्क्याचं. शनिवारी इथल्या दुपारी बारा वाजता खेळणाऱ्यांची यादी बंद होते. त्याआधी आलं तर खेळेन. नाहीतर घरी.

म्हणजे आता कुठं घेतली ते सांगावं लागणार.

आपल्या खोऱ्यात घेतली अबाये. सिस्टर झेनबेचच्या दवाखान्यात, तुमच्या घरापासून तासाभराच्या चालीवर. सिस्टरना मी शपथ घातली होती की तुम्हाला सांगायचं नाही. त्यांच्यावर चिडू नका. विचार असा होता की आधी टोचून घ्यायचं, मग डोंगर चढून तुमच्या दारात उभं राहायचं आणि दंड दाखवायचा. क्षमा मागायला मला जमत नाही. दंड दाखवणं जमलं असतं.

रांगेत मोजकी म्हातारी माणसं होती. बाकी गाव समोरच्या दगडी कुंपणावर बसून नुसतं बघत होतं. माझ्यापुढे म्हातारी आक्को बिफ्तू होती. वळून म्हणाली, "तू ताफेसेची ना? डोळे तेच. चिडके."

मी म्हटलं, "हो आक्को."

तिनं सरळ बाही वर केली. दंडावर एक गोल, जुनी, चकचकीत खूण. "हा बघ माझा ताफेसे."

मला कळेना. तिनं मागच्या म्हाताऱ्याला हाक मारली, "अरे दाखव की तिला तुझा." त्यानं दाखवला. मग त्याच्या मागच्यानं. सगळ्या म्हाताऱ्या दंडांवर तीच खूण. त्या खुणेला आपल्या खोऱ्यात 'ताफेसे' म्हणतात, हे मला पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही तर नाहीच. आक्को म्हणाली, "अगं, सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न असायचा, मुलीला ताफेसे आहे ना? नसला तर देवी येऊन मरायची, तिच्या बापाला दिलेली गुरं कशाला वाया घालवा!"

मग तिनं तुमच्या दंडाचं सांगितलं.

लहानपणी मी तुमच्या दंडावरच्या खुणा मोजायचे, आठवतं? सतरा भरायच्या. विचारलं की तुम्ही म्हणायचात, "गारा लागल्या." मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं की माझ्या बापाला सतरा गारा लागल्या. आक्को म्हणाली, "आमच्या गावानं त्याला आधी दगड मारले. बावीस वर्षांचं पोरगं, खांद्याला पिशवी, हातात ती दोन टोकांची सुई. आमचा म्हातारा म्हणाला, आधी स्वतःला टोच, मग आमच्या लेकरांना. त्यानं बाही वर केली आणि टोचून घेतलं. पुढच्या गावानं पुन्हा तेच म्हटलं. पुन्हा टोचलं. जेवढ्या खुणा तेवढी गावं पोरी. जिथं लोकांनी सरळ विश्वास ठेवला, त्या गावांची खूण नाही त्याच्या अंगावर."

अबाये, मी रेडिओवर कुणाची चेष्टा केली ते मला त्या रांगेत कळलं. एक माणूस चालत चालत येतो, दगड खातो, आणि अख्ख्या खोऱ्याच्या कातडीवर त्याचं नाव राहतं, आणि घरी येऊन पोरीला सांगतो, गारा लागल्या! मी एवढी जगभर फिरते, मोठमोठी माणसं जवळून पाहते, पण त्या दिवसासारखं थक्क मला कुणी केलेलं नाही.

मग माझा नंबर आला. मी दंड पुढे केला. सिस्टरनी टोचलं, कार्डावर तारीख घातली, वहीत लिहिलं. मी बाहेर आले, तुमच्या वाटेकडे बघितलं, आणि गोसायेच्या बसमध्ये जाऊन बसले. वर यायला तोंड नव्हतं. गोसायेनं विचारलं, "बापाला भेटलीस?" मी म्हटलं, हो. त्यालाही खोटं सांगितलं.

आणखी एक खोटं कबूल करून टाकते, म्हणजे सिस्टरना एकाच बैठकीत सगळं वाचता येईल. फाटकाशी तुम्ही मारलेली हाक मला ऐकू आली होती. कोर्टाच्या कडेला परदेशी बायका बसल्या होत्या. गाबीतला म्हातारा माझा बाप आहे हे त्यांना कळू नये, असं मला त्या एका क्षणी वाटलं. म्हणून ओ दिली नाही.

परवा गेना आहे, आपला नाताळ, त्रेचाळीस दिवसांचा उपास सुटणार. सणाच्या दिवशी कुणाला त्रास देऊ नका. सिस्टर बघतील काय जमतं ते. नाही जमलं तर नाही.

तुमची
येशी


मेलबर्न
तिर १, २०१४

अबाये,

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. सोडलं. पण मला खेळता येणार नाही.

पान इथल्या शनिवारी सकाळी आठला आलं. पत्र, शिक्का, दोन्ही तारखा, सगळं. ते खरं की खोटं हे तपासायला त्यांना दुपारचे चार वाजले. यादी बाराला बंद झाली. माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. त्या बाईनं बाहेर सोडताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तेरा महिने. मी घरी सगळ्यांना सांगितलं." मी म्हटलं, तेरावा पाचच दिवसांचा असतो, त्यात काही होत नाही. दोघी हसलो. मग बाहेर येऊन मी एका बाकावर बसले आणि चांगली तासभर रडले.

आज कोर्टांवर जाऊन आले. निळी आहेत, अशी निळी की त्यावर पाय ठेवायला भीती वाटावी. जाळीला नाक लावून उभी होते. माझ्या जागी घेतलेली मुलगी सराव करत होती. तिचा राग आला नाही. थोडा आला.

सिस्टर झेनबेचनी फोनवर सगळं सांगितलं. मी लिहिलं होतं सणाच्या दिवशी त्रास देऊ नका, तेवढंच वाक्य तुम्ही त्यांना दोनदा वाचायला लावलंत म्हणे, आणि म्हणालात, "हिला कुणी विचारलं?" वही दवाखान्यात नव्हतीच, महिना भरला म्हणून डोंगरापलीकडच्या मोठ्या कचेरीत गेली होती. गेनाला बस नाही. तर तुम्ही पहाटे निघालात, खिशात भाजलेल्या जवाचा मूठभर कोलो, पायात माझे पांढरे बूट. सात तास चढउतार. त्रेचाळीस दिवस उपास केलेला माणूस, सणाचं कोंबडीचं जेवण घरी टाकून. कचेरीच्या साहेबाला तुम्ही त्याच्या घरी, ताटावरून उठवलंत. तो म्हणाला, "बाबा, सोमवारी या." तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईच्या दंडावरची खूण बघ आणि मग मला सोमवार सांग."

त्याची आई आतून ओरडली, "उठ रे! ताफेसे आलेत!" मग तो उठला, असं सिस्टर म्हणाल्या.

मला वाटलं होतं एवढंच. एवढंही माझ्यासाठी फार होतं. पण मग मी त्या पानाचे दोन्ही बाजूंचे फोटो मोठे करून नीट पाहिले. तुम्ही पाहिलंत का ते? तुम्ही बहुतेक तारीख आणि शिक्का तपासलात आणि साहेबाला फोटो पाठवायला लावलंत. तुमची सवय माहीत आहे मला.

एकेचाळीस नंबरला मी आहे. येशिमेबेत ताफेसे, वय पंचवीस, धंदा टेनिस. सिस्टरनी 'टेनिस' खोडून पुन्हा लिहिलंय. शेवटचा रकाना शेऱ्याचा, माझ्यापर्यंत तो सगळा रिकामा. बेचाळीस नंबरला कुंपणावर बसलेला कुणी माणूस आहे, त्याच्यापुढे सिस्टरनी लिहिलंय: 'ताफेसेची मुलगी आली म्हणून आले.' त्रेचाळीसच्या पुढे: 'वरीलप्रमाणे.' चव्वेचाळीस: 'वरीलप्रमाणे.' तिथून खाली पान संपेपर्यंत आणि मागच्या बाजूला सत्त्याण्णव नंबरापर्यंत, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. मी तोवर बसमध्ये तोंड लपवून बसले होते आणि माझ्या पाठीमागे अख्खं कुंपण रिकामं झालं होतं.

सिस्टरना विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाल्या, "तूच शपथ घातलीस ना गं, कुणाला काही सांगायचं नाही म्हणून? मी शपथ पूर्ण पाळते."

दारोदार तुम्ही फिरलात, चार महिने. मी फक्त बाही वर केली. तरी त्या रकान्यात माझं, नाही, तुमचं नाव आलं. नाव कुणाचं ते आता मला नीट सांगता येत नाही. मला वाटतं मी ते सोडणार नाही. तुम्ही म्हणालात तरी.

पुढच्या तीन स्पर्धा गेल्या, गुण गेले, मेगाबितमध्ये अदिसच्या छोट्या स्पर्धेपासून पुन्हा सुरुवात. गाशे देरेसे म्हणाले, "आधी कॅलेंडर शिक, मग बॅकहँड."

पाय दुखत असतील. मिठाच्या गरम पाण्यात घाला.

येशी


बाले
मेगाबित २८, २०१४

येशीस,

पत्रे मिळाली, पाच. उत्तर हे एक. मला पाच लिहिता येणार नाहीत.

पाय दुखले नाहीत. बूट चांगले आहेत पण रंग मूर्खपणाचा आहे. आता तांबडे झाले आहेत.

वहीचं पान मी पाहिलं नव्हतं. तू लिहिल्यावर कचेरीत परत जाऊन पाहिलं. तिथं बसून शेवटपर्यंत वाचलं. पंचावन्न वेळा वरीलप्रमाणे आहे. सिस्टरचं अक्षर पुढे पुढे बिघडत गेलं आहे. एवढी माणसं एका दिवसात माझ्या अख्ख्या नोकरीत आली नाहीत. मला एकेका गावाला एकेक दिवस लागायचा, आणि एक दंड. कचेरीतला साहेब मला चहा देत होता, मी नको म्हटलं आणि पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

गेल्या शनिवारी मी अदिसला आलो होतो. तुला सांगितलं नाही. माझा चुलत भाऊ आजारी आहे असं गोसायेला सांगितलं. मला अदिसमध्ये चुलत भाऊ नाही. खोटं बोलायची सवय तुला कुणाकडून आली ते त्यानं ओळखलं असेल.

सर्वांत वरच्या पायरीवर बसलो. तुझा खेळ मी याआधी पाहिला नव्हता. मला वाटायचं, चेंडू मारणं हे काय काम झालं? तू एवढी पळतेस हे मला ठाऊक नव्हतं. मी थक्क झालो, हे लिहायला मला जड जातं, तरी लिहितो. एक माणूस उंच खुर्चीत बसतो, स्वतः काही करत नाही, नुसता बोलतो. आमच्या खात्यात अशी पुष्कळ होती.

पहिली गेम तू जिंकलीस. त्या माणसानं भोंग्यातून हाक मारली, "गेम, ताफेसे."

मी उठून उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "अबेत!"

सत्तर वर्षांची सवय. सरकारी आवाजात नाव घेतलं की तोंडातून निघतंच. सगळे वळून बघायला लागले. काही हसले. शेजारी एक बाई कोलो खात बसली होती, ती म्हणाली, "बाबा, खाली बसा. तुम्हाला नाही बोलावलं, त्या पोरीला बोलावलं."

मी म्हटलं, "नाव माझं आहे."

ती म्हणाली, "असेल. पळतेय ती."

मी खाली बसलो. तू वर पाहिलं होतंस. मला पाहिलंस की नाही ते कळलं नाही, ऊन तुझ्या डोळ्यांवर होतं. सामना संपल्यावर थांबलो नाही, कारण बस सुटत होती, आणि कारण माझ्याच्यानं झालं नसतं. उपास सुटला की फासिकाच्या सणाला घरी ये. कोंबडी मी कापीन. आक्को बिफ्तूला तुझा दंड बघायचा आहे, त्यावर खूण नाही उमटली हे तिला पटत नाही.

फाटकाशी मी जे बोललो ते मागं घेतो. टोचणाऱ्यानं असं बोलायचं नसतं.

एक राहिलं. पुढची गेमही तू जिंकलीस. खुर्चीतल्यानं पुन्हा म्हटलं, "गेम, ताफेसे." मी या वेळी तोंड दाबून गप्प बसलो आणि तुझ्याकडे पाहत राहिलो. तू चेंडू घ्यायला चालली होतीस. चालता चालता, कुणाकडे न बघता, तुझे ओठ हलले. एवढ्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. पण 'अबेत' म्हणताना तुझे ओठ कसे हलतात ते मला कळतं. ते मी तुला शिकवलंय.

तुझा बाप
ताफेसे